सुलाबाईंनी पाणी मारलेला स्लॅब

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा आणायला जाणारा माणूस मी. देवाला हात जोडतो, तेही बायको बरोबर असली तर. पेशाने सिव्हिल इंजिनिअर, राहायला पिंपळे गुरव, साइट मोशीच्या पुढे चाकण रोडला. "सेन्सर बिघडला असेल" असं कमेंटमध्ये लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत, त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं... सेन्सर मीच बसवलेत.

आमची साइट 'स्मार्ट'. स्लॅब भरताना सळईला सेन्सर बांधायचे – काँक्रीट किती तापलंय, ओल किती आहे, सगळं मोबाइलवर. ताज्या स्लॅबला पाणी कमी पडलं तर तडे जातात, म्हणून बरेच दिवस पाणी मारावं लागतं. ते काम सुलाबाईंचं. बीडकडच्या, पन्नाशीच्या. गोणपाट पसरायच्या, पाइप धरायच्या आणि स्लॅबवर तळहात टेकवून सांगायच्या, "सायब, ह्या कोपऱ्याला ताप हाय अजून." मी मोबाइल बघायचो. खरंच तो कोपरा इतरांपेक्षा जास्त तापलेला! मी हसण्यावारी न्यायचो.

मग पाणी वाचवायला ऑटोमॅटिक फवारे आले. ओल कमी झाली की पंप आपोआप सुरू. मॅनेजर देशमाने सर म्हणाले, एका टॉवरवर जमलं की चारही टॉवरच्या पाणी मारणाऱ्या बायका कमी करू. पहिलं नाव सुलाबाईंचं. त्या कागदावर "गरज नाही" या शेऱ्याखाली सही माझीच आहे. जाताना त्या म्हणाल्या, "मिशनीला ताप कळंल, सायब. पर हात कोन लावनार?" मला लाज वाटली. पण सही काही मागे घेतली नाही.

मे महिन्यात शुक्रवारी सहावा स्लॅब भरला. शनिवार-रविवार मी सांगवीला मेहुणीच्या लग्नात. शनिवारी दुपारी अ‍ॅपवर जिन्याजवळचा चार नंबरच्या सेन्सरवर ताप एकदम चढला. मी मोबाइल घेऊन मांडवाबाहेर आलो... आणि तासाभरात आकडा खाली! फवारे चालू आहेत म्हणायचे, असं समजून मी निवांत पंगतीला बसलो.

सोमवारी साइटवर गेलो तर वॉचमन कदम म्हणाला, "लाइट शनवारी सकाळपासनं न्हाई, राव. डीपी जळलीय." म्हणजे पंप दोन दिवस बंद. सेन्सर बॅटरीवर, म्हणून ते तेवढे चालू. जिना धावत चढलो. वरच्या पत्र्याच्या दाराला मी शुक्रवारी लावलेलं कुलूप तसंच, आणि किल्ली माझ्याच खिशात. आत स्लॅब ओलाचिंब. जिन्याजवळ तर डबकं साचलेलं. पाण्याचा मीटर शुक्रवारच्याच आकड्यावर. पाऊस? आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. मी खाली बसून तळहात टेकवला. गार.

काय वाटलं कुणास ठाऊक, सुलाबाईंना फोन लावला. त्या गावी, लेकीच्या बाळंतपणाला. मी फक्त "मावशी, कशा आहात?" एवढंच विचारलं.

"बरी हाय. पर हात लई गार पडलाय वो, शनवारपासनं. शेकला तरी जाईना." मग म्हणाल्या, "जिन्यापाशी ताप आलता का?"

स्लॅब भरल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी साइटवर एकेकाला विचारून खात्री केली.

देशमाने सर मात्र खूश. ग्राफ एकदम आदर्श! रिपोर्टमध्ये 'पाणी कोणी मारले' असा रकाना असतो.

"सिस्टिम लिही आणि सही कर. पुढच्या महिन्यापासून चारही टॉवर फवाऱ्यांवर."

"सर, सिस्टिमला लाइटच नव्हती."

"मग सेन्सर फॉल्टी लिही."

"स्लॅब ओला होता, सर. मी हात लावून पाहिलाय."

"मग काय भूत लिहिणार का?"

मी सुलाबाईंचं नाव लिहिलं. आडनावासकट. सरांनी खोडलं, मी त्यांच्यासमोर पुन्हा लिहिलं. मेमो आलाय, नोकरीही जाईल कदाचित. बायको म्हणते, एका नावासाठी कशाला वाकड्यात शिरताय? अगं, एका सहीनंच तर ती बाई कामावरून गेली होती! रिपोर्ट अडकलाय तोवर बाकीच्या टॉवरवर बायका पाणी मारतायत. अडकू दे. मी एक अक्षर बदलणार नाही.

कुलपाआड, मीटर न हलता, एवढ्या लांबून... कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला जमत असेल तर सांगा, पण "सेन्सर" म्हणू नका.

परवा सुलाबाईंचा फोन आला. हाताला ऊब आलीय म्हणाल्या. "सायब, मला काम हाय का वो तिकडं?"

मी म्हटलं, "या मावशी. रिपोर्टात नाव आहे तुमचं."