काकू "येते" म्हणाल्या आणि रोबोट दारातून हलेना

मंडळी, आज एकदाचा जीव भांड्यात पडला!

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या एका सीनियर सेंटरच्या दारात आमच्या टीमचा रोबोट असतो. येणाऱ्याला हॅलो, जाणाऱ्याला बाय. मराठी त्याला मीच शिकवलं, मोठ्या हौसेनं.

गेल्या आठवड्यात सुमनकाकू वॉकर घेऊन घरी निघाल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "येते हं." रोबोटला वाटलं, काकू आपल्याकडे येताहेत. तो स्वागताला दारातच उभा. काकू ओरडल्या, "अरे, येते म्हटलं ना!" तो आणखी पुढे सरकला. शेवटी सेंटरमधल्या दोघांनी त्याला उचलून बाजूला ठेवलं. सेंटरची मॅनेजर म्हणाली, पुन्हा असं झालं तर प्रोजेक्ट कॅन्सल.

चूक माझीच होती. आपण निघताना "जाते" म्हणत नाही, हे त्याला सांगायचं मला सुचलंच नाही. मग शिकवलं: माणूस कुठे तोंड करून उभा आहे ते बघ, आणि कळलं नाही तर आधी वाट सोड, मग विचार.

आज काकू पुन्हा दाराशी आल्या. मॅनेजर शेजारीच.

"येते रे."

रोबोट बाजूला झाला. "निघालात का, काकू?"

"हो रे बाबा."

"सावकाश जा."

हुश्श!

घरी आले तर माझी लेक क्लासला निघाली होती. "आई, आय ॲम गोइंग!" म्हणत दार लावून गेलीसुद्धा.

रोबोटला शिकवलं, हिला शिकवायचं राहूनच गेलं. तुमची पोरं निघताना काय म्हणतात हो?