पिलारबाईंचा वाडगा आणि ऑलिव्हची वाट

सायकलवरून स्पेन बघायचं ठरलं तेव्हा दोन प्रश्न आले. सुरतच्या शेजाऱ्यांनी विचारलं, तिथे खाणार काय? धुळ्याच्या नातेवाइकांनी विचारलं, पण कशाला? पहिल्याचं उत्तर पुढे सविस्तर येईलच. दुसऱ्याचं आधी देऊन टाकते, म्हणजे तुम्हीही विचारत बसणार नाही.

श्रीकांत माझे यजमान. लिहिताना नाव घेते, समोर ‘अहो’च. बँकेतून निवृत्त झाल्यावरही दर रविवारी पहाटे ते सायकल काढायचे आणि हजीऱ्याकडे निघायचे, एकटेच. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. ऑपरेशन छान झालं, पण माणूस घाबरून घरी आला. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली तरी हे एकटे कोपऱ्यावर दूध आणायलाही जाईनात. मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ आणि सारखं त्यात डोकावणं. मी सोबत असले तरच पॅडलवर पाय ठेवायचे, म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यावर, साठीच्या तोंडावर, मीही सायकलवर बसले. ज्याला लग्नाआधी नाशिकहून धुळ्यापर्यंत सायकल मारत मला भेटायला यायचं सुचलं होतं, तो माणूस मला परत हवा होता. घरात हवा बदलत नाही म्हटल्यावर देश बदलावा असं मला वाटलं. पुण्याची मुलगी म्हणाली, “आई, बाबांना घेऊन दमणला जा ना, काय वाईट आहे?” मी म्हटलं, तिथे तुझे बाबा गाडीतून उतरणारच नाहीत.

डॉक्टरांची अट होती, मोठे चढ नकोत. शोधता शोधता दक्षिण स्पेनमधली एक वाट सापडली. पूर्वी तिथून ऑलिव्ह तेलाच्या मालगाड्या जायच्या. आता रूळ काढून सायकलवाल्यांसाठी रस्ता केलाय. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे हा रस्ता आमच्यासारख्यांनाही सोसतो. जाएन नावाच्या शहरातून निघायचं आणि रोज जमेल तेवढं पुढे जायचं. ऑक्टोबर निवडा. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी टोपी. सायकली भाड्याने मिळतात, पण आधी ई-मेल करून ठरवा आणि सीटबद्दल दुकानदाराशी न लाजता बोला. मी लाजले, पुढचे दोन दिवस भोगले.

पहिल्या दिवशी शहर मागे पडलं आणि ऑलिव्ह सुरू झाले ते संपेचनात. डोंगर, उतार, परत डोंगर, आणि सगळीकडे रांगेत लावलेली झाडं. वाटेत उंच लोखंडी पूल आहेत. बोगद्यांत दिवे आहेत, तरी आपला एक जवळ ठेवा. श्रीकांत पुढे, मी मागे. पण ‘पुढे’ म्हणजे काय, दर थोड्या वेळाने ब्रेक, घड्याळ, मागे वळून माझ्याकडे बघणं. मी हात हलवायचा, मग स्वारी निघायची. मार्तोस गावाच्या अलीकडे एक वयस्कर सायकलवाला थांबला आणि काही मदत हवी का असं खुणेने विचारू लागला. श्रीकांत ओशाळले. मला त्यांची फार दया आली आणि थोडा रागही आला.

आता खाण्याचं. स्पेनमध्ये दुपारी दोनच्या आत जेवण मिळत नाही आणि संध्याकाळी साडेआठच्या आत स्वयंपाकी उगवत नाही. बारा वाजता ताट लागणाऱ्या आमच्यासारख्यांचे हाल होतात. सकाळी मात्र कुठल्याही बारमध्ये भाजलेला पाव, वर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल मिळतं, दोन-तीन युरोत कॉफीसकट. आम्ही रोज तेच खाल्लं आणि कंटाळलो नाही. शाकाहारी म्हटलं तरी वर डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरतात, तेव्हा ऑर्डर देतानाच बजावून सांगा. बाकी आमची थेपली, रवा, भाजणी आणि लसणाची चटणी सोबत होतीच.

रविवारी मात्र आमचा अंदाज चुकला. लुके गाव सोडल्यावर दुपारी सगळं बंद. माझा गुडघा सुजला होता, थेपली संपली होती, आणि वाटेला लागून असलेल्या एका पांढऱ्या घरापुढच्या बाकावर आम्ही बसून राहिलो. आतून सत्तरीच्या बाई आल्या. पिलार त्यांचं नाव. मोबाईलमध्ये बोललं की भाषांतर होतं, त्यावर आमची चौकशी झाली, मांस चालत नाही हेही कळलं. बाई आत गेल्या आणि मातीच्या खोलगट वाडग्यात पालक घातलेले छोले घेऊन आल्या, वर झाकण, त्यावर फडकं बांधलेलं. इथे बसून खा असं नाही, मुक्कामी जाऊन निवांत खा. वाडगा पुढच्या दोन्या मेन्सिया गावात, स्टेशनजवळच्या बारमध्ये ठेवा, भाचा घेऊन येईल.

दोन्या मेन्सियाला खोली घेतली होती, तिला छोटंसं स्वयंपाकघर होतं. छोले आम्ही पुसून खाल्ले. त्यात जिरं होतं, मला माहेरी आल्यासारखं झालं. सकाळी श्रीकांत वाडगा धुऊन बारकडे निघाले. मी अडवलं. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं? चाळीस वर्षांच्या संसारात शेजारणीची साधी वाटीही मी तशी दिलेली नाही. दुकानातून लोणी आणलं, रवा खरपूस भाजला, वेलदोडा घातला आणि शिरा वाडग्यात थापला. श्रीकांतचं म्हणणं, इथे हे कोण बघतंय, बारमध्ये देऊन टाकू. बारमध्ये शिरा? तो पिलारबाईंपर्यंत पोचेल याची खात्री काय? मी पट्टी बांधलेल्या गुडघ्याने सायकलकडे लंगडत निघाले. ते चिडले, वाडगा माझ्या हातातून घेतला आणि फडकं बांधून पिशवीत ठेवला.

“बस गुपचूप. मी जाऊन येतो,” असं म्हणाले आणि गेले.

सात-आठ किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. ते वळणाआड गेले तेव्हा मला कळलं की ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हा माणूस एकटा निघालाय. आत आले तर घड्याळ चार्जरला लावलेलं. फोन लावला, रेंज नाही. मी जुन्या स्टेशनजवळ, त्या बारसमोरच्या बाकावर जाऊन बसले आणि माझ्या शिऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. रीतभात सांभाळायच्या नादात नवऱ्याला कुठल्या रानात धाडलं, असं वाटत राहिलं. येणारा प्रत्येक सायकलवाला लांबून श्रीकांतच वाटायचा, जवळ आला की कुणीतरी तरुण निघायचा. दुपार उतरायला लागली तेव्हा मी मदत मागायला बारमालकाकडे उठून जायच्या बेतात होते.

मग ते आले, हळूहळू, आजूबाजूला बघत. हँडलला पिशवी, पिशवीत तोच वाडगा, मसाल्यातल्या ऑलिव्हने भरलेला.

“जेवायलाच बसवलं गं त्यांनी. शिरा भाच्यालाही ठेवला नाही,” ते म्हणाले. मग पिशवी माझ्याकडे देत, “घड्याळ विसरलो होतो. लक्षात आलं तेव्हा त्यांच्या अंगणात होतो.”

मी फक्त त्यांचा हात धरला. बारमालक बघत होता, बघू दे म्हटलं.

वाडगा पुन्हा भरलेला आल्यामुळे पुन्हा परत करायचा होता, हे उघडच आहे. दुसऱ्या दिवशी मी थालिपीठं लावली आणि श्रीकांत न सांगता तयार होऊन उभे राहिले. या खेपेला पिलारबाईंनी शहाणपणा केला, अंजिरं कागदी पिशवीत दिली. त्यानंतर काब्रा, लुसेना ही गावं करत आम्ही वाटेच्या टोकाला, पुएन्ते हेनिलला पोचलो. माझ्या गुडघ्यामुळे आता ते पुढे जाऊन सावलीत माझी वाट बघायचे आणि मला उशीर झाला म्हणून चिडवायचे. मीही मुद्दाम उशीर केला, दोन-चारदा.

सुरतला येऊन महिना झाला. घरचे विचारतात, काय आणलंत? तेलाचे दोन डबे आणि उतरलेली वजनं. गेल्या रविवारी मी उठले तर बिछाना रिकामा, पार्किंगमध्ये सायकल नाही. न सांगता गेले होते. फोन करायला घेतला तर त्यांचाच आला. चलथाणला पोचले होते, साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकले होते.

“नाष्ट्याला थांबू नकोस,” म्हणाले. “आणखी पुढे जाऊन येतो.”

चांगलं फैलावर घ्यायचं होतं. पण तोंडातून एवढंच आलं, “सावकाश या.” फोन ठेवला आणि ओट्याला टेकून मी मनसोक्त रडले. आता दर रविवारी घाबरायची पाळी माझी आहे, आणि ती मी आनंदाने घेणार आहे.