दत्तोपंतांचा विडा आणि वहिनींची कादंबरी

श्री. दत्तोपंतांची व माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या तोंडात विडा होता, त्यामुळे त्या दिवशी ते माझ्याशी अक्षरही बोलले नाहीत. केजच्या आमच्या वाचनमंडळाचा तसा दंडकच आहे. लेखकाने प्रकरण वाचावे, मग विडा तोंडात धरावा, आणि सर्वांची टीका होईतो गप्प बसावे. दिवसभर निजामी कचेरीत उर्दूतून पक्षकारांची बाजू मांडणाऱ्या या वकिलांना सायंकाळी स्वतःच्या कादंबरीची वकिली करता येत नसे.

कादंबरी त्यांच्या थोरल्या वहिनींवर होती. आईमागे त्यांनीच पंतांना वाढवले. आता त्या थकल्या होत्या. त्यांच्या हयातीत ती त्यांच्या कानी पडावी, एवढीच पंतांची इच्छा.

पण पंत पडले भिडस्त. मंडळातल्या मास्तरांनी नायिकेचे अश्रू वाढवायला सांगितले, त्यांनी वाढवले. प्रस्तुत लेखकाने, गुरुगृही चार काव्ये घोकल्याच्या बळावर, तिच्या चालीला उपमा मागितली. पंतांनी हंस आणि हत्ती दोन्ही दिले. बिचारी विहिरीपर्यंत पोहोचेना. मंडळातले खाँसाहेब तेवढे म्हणाले होते, "वकीलसाब, ये बाई कभी हसती नहीं क्या?" ते आम्ही कोणी मनावर घेतले नाही.

सुधारलेली प्रत ओसरीवर वहिनींना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "भावजी, ही बाई कोण हाय? लई रडती. घरात कामं न्हाईत का तिला?"

पंतांचा चेहरा उतरला. पुढच्या बैठकीत त्यांनी विडा तबकातच ठेवला आणि ज्याचा सल्ला त्याला साभार परत केला. खाँसाहेबांचा तेवढा ठेवून घेतला आणि कादंबरी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली.

त्याच सुमारास मी सिरसाळ्यास तापाने अंथरुणाला खिळलो, तर पंत बैलगाडीने आले, उशाशी बसले, आणि गाळलेले हंस-हत्ती मला वाचून दाखवले. म्हणाले, "टाकवत नव्हते, तुमच्याकडे राहू द्या." ताप उतरला, कशाने, ते वैद्यांना ठाऊक.

नवी प्रत ऐकताना वहिनी मध्येच हसल्या, मग रागावल्या. "खोटं हाय हे. डाळ येवढी न्हवती करपली त्या दिशी."

पंतांना उत्तर देता आले असते. त्यांनी मुकाट्याने विडा तोंडात घातला. डोळे मात्र भरून आले होते.

आज पंत साठी पूर्ण करीत आहेत, आणि वहिनी समोरच बसल्या आहेत. परमेश्वराला एकच विनंती : यांच्या आयुष्याची प्रत आमच्या मंडळाला दाखवू नये, एकही पान गाळू नये, आणि शेवटच्या प्रकरणाची मुळीच घाई करू नये.