रद्दीवाल्या अण्णांचा दुसरा प्रश्न

वारज्यात कुणाच्या दारात सामानाचा टेंपो लागला की रद्दीवाले अण्णा तांब्या-पेला घेऊन तिथे हजर होत. त्यांना कुणी बोलवावं लागत नसे. घर सोडणारा माणूस आधी रद्दी विकतो आणि मग गादी गुंडाळतो, त्यामुळे कोण कधी जाणार हे त्यांना आदल्या दिवशीच कळलेलं असे. आल्यावर ते आधी हमालांना पाणी देत, मग घरच्या बाईला, मग पुरुषाला. पेला परत घेताना अगदी सहज विचारत, "शेवटी भाडं किती देत होतात?"

आणि माणसं सांगत. शेजाऱ्याला तीन वर्षांत सांगितलं नसेल ते त्या एका पेल्यावर सांगत.

अण्णा मूळचे मंडईजवळचे. तिथे त्यांच्या वडिलांचं रद्दीचं दुकान होतं. पुढे भावांमध्ये जागा पुरेना, तेव्हा हे वारज्याला आले आणि एका इमारतीखाली भाड्याने गाळा घेऊन बसले. अंगाने सडपातळ, बोलणं तुटक. चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. "दुकानात सुतळी फुकट आहे, काडी विकत आणावी लागेल," असं म्हणत. वजन करताना ते कुणाशी बोलत नसत. काटा थांबला की मगच तोंड उघडत.

ते दिवस असे होते की दर महिन्याला वारज्यात एक नवी इमारत उभी राहायची. हिंजवडीकडे कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या होत्या. नागपूर, अमरावती, लातूर, कुठकुठली मुलं पाठीवर बॅगा लावून घर शोधत फिरायची. एजंट तोंडाला येईल तो आकडा सांगायचे. अशा मुलांना कुणीतरी अण्णांकडे पाठवून द्यायचं. एकदा एक मुलगा जाहिरातीचा पेपर घेऊन आला. अण्णांनी तो हातात घेतला आणि सरळ तराजूत टाकला.

"अहो काका, तो आजचा आहे!"

"भाडं मालकाच्या मनातलं आहे. दिवस कुठला का असेना." मग पेपर परत देऊन म्हणाले, "जाहिरात म्हणजे मालकाची इच्छा. एजंट सांगतो ती एजंटची इच्छा. राहणारा माणूस आपली अब्रू सांभाळून सांगतो. खरं बोलतो तो फक्त जाणारा. त्याचं आता काही अडलेलं नसतं."

मुलगा म्हणाला, "पण मी इंटरनेटवरही बघितलंय."

"तिथे कोण लिहितं?"

"लोकच लिहितात."

"मग झालं तर. पेपर नुसता पातळ झाला."

मुलाने पैसे देऊ केले तर ते घेईनात. "मी कागदाचा भाव घेतो, त्यावर लिहिलेल्याचा नाही," म्हणाले, आणि कुठल्या इमारतीत खरं भाडं किती आहे ते त्याला सांगितलं.

मी स्वतः त्यांच्याकडे गेले तो प्रसंग मला अजून आठवला तरी लाज वाटते. आम्ही वर्धेकडून नवीनच आलो होतो. आमच्या ह्यांना वारज्याजवळ एका वर्कशॉपमध्ये काम लागलं होतं. वारजे गावातल्या एका काकींनी आपल्या शेतात दहा खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक आम्हाला बघायची होती. काकी बाराशे म्हणाल्या होत्या. ते बरोबर की जास्त, हे कुणाला विचारावं? मला तर दुकानदाराकडे मीठ मागायलाही धीर होत नसे. शेवटी घरातले चार पेपर गोळा करून मी अण्णांच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिले. गिऱ्हाइकं आली आणि गेली. मी तिथेच.

अण्णा म्हणाले, "ताई, ही रद्दी पावशेर आहे. तुम्ही अर्धा तास उभ्या आहात. हिशेब जमत नाही. खरं काय ते बोला."

मी कशीबशी बोलले. अण्णा म्हणाले, "काकींच्या खोल्या ना? गेल्या तीन महिन्यांत तिथून दोघं गेले. दोघंही बाराशेच देत होते. बाई तोंडाच्या फटकळ आहेत, पण भाव एकच सांगतात. घ्या."

आम्ही खोली घेतली. पुढे मी पोळ्यांची कामं धरली, तेव्हा जाता-येता त्यांच्या दुकानापाशी थांबू लागले. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे हे कळल्यावर ते माझ्यासाठी शाळेच्या मुलांच्या अर्ध्या कोऱ्या वह्या बाजूला ठेवू लागले. "पुढची पानं मुलांनी वाया घालवली आहेत, मागची तुम्ही घाला," म्हणायचे. हे लिहिते आहे तेही तशाच एका वहीत.

काकींचे गुडघे धरले तेव्हा त्यांच्याकडे करणारं कुणी नव्हतं. सून शहरात कामाला जायची. मी सकाळी माझ्या कामांना निघण्याआधी त्यांच्या दोन भाकऱ्या थापून, गुडघ्याला तेल लावून द्यायचे. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी आई गावाकडे होती, म्हणून हात आपोआप वळला. दोन महिन्यांनी मी भाडं द्यायला गेले तर काकींनी त्यातले चारशे माझ्या मुठीत परत कोंबले.

"आठशेच दे आता. पन कुनाला बोलू नगंस. बाकीच्या खोलीवाल्यांना कळलं तर माझ्या डोक्यावर बसत्याल."

मी शब्द दिला. तो तीन वर्षं पाळला.

मग ह्यांचं वर्कशॉप पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मांजरी गावाकडे गेलं. इतक्या लांबून रोजचं जाणं-येणं होईना, म्हणून आम्हीही तिकडे निघालो. टेंपो लागला. अण्णा तांब्या घेऊन आलेच. मला पेला दिला. ओळखीचे म्हणून निराळं काही बोलले नाहीत, जे सगळ्यांना विचारायचे तेच विचारलं. मी गोंधळले. अण्णांशी खोटं बोलवेना, आणि काकींचा शब्दही मोडवेना. मी आकडा खरा सांगितला. का, ते सांगितलं नाही.

"आठशे जी."

अण्णांनी भुवई जराशी उचलली. पण जाणारा खरं बोलतो हा त्यांचा नियमच होता. "बरं," म्हणाले आणि पेला घेऊन गेले.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, मांजरीच्या आमच्या दारात अण्णा उभे. दोन बस बदलून आले होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि पेला परत न देता हातातच धरून बसले.

"ताई, काकींची खोली आठशेला होती?"

"होती जी."

"मग मी कुठे चुकलो?"

त्यांनी सांगितलं ते असं. एक नर्सबाई लहान मुलीला घेऊन खोली शोधत आल्या होत्या. माझी खोली अजून रिकामीच होती. अण्णांनी त्यांना सांगितलं, आठशेची खोली आहे, नऊशेच्या वर देऊ नका. नर्सबाईंनी त्या भरवशावर आधीची जागा सोडली. काकींकडे जाऊन म्हणाल्या, "आधीची बाई आठशेच देत होती." काकींनी दार लावून घेतलं. नर्सबाई मुलीसह त्या दिवसापासून अण्णांच्या घरी होत्या, आणि अण्णा रात्री दुकानात गठ्ठ्यांवर झोपत होते.

"वारज्यात आता लोक म्हणतात, रद्दीवाल्याचा आकडाही रद्दीच," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. भाकरी, तेल, मुठीत कोंबलेले चारशे, दिलेला शब्द. अण्णा ऐकत होते. काट्याकडे बघायचे तसे माझ्याकडे बघत.

"म्हणजे आकडा खरा होता. गोष्ट अर्धी होती," ते म्हणाले. "तुमची चूक नाही. मी आकडा विचारला आणि निघालो. तुमच्याआधीचे दोघं बाराशे देत होते हे मला माहीत असून मी एकट्या तुमच्या बोलण्यावर विसंबलो. कारण तुम्ही खोटं बोलणार नाही, हे माहीत होतं."

ते वाक्य मला टोचलं. मी पदर खोचला आणि त्यांच्याबरोबर वारज्याला निघाले. बसमध्ये काय बोलायचं ते मनाशी दहादा जुळवलं. काकी ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"गावभर सांगितलंस व्हय? माझीच भाकर माझ्याच तोंडावर फेकलीस."

जुळवलेलं सगळं मी विसरले. पण बोलले. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. "काकी, मी कारण नाही सांगितलं, म्हणून तर हे झालं. अण्णांना वाटलं खोलीच आठशेची. बाराशेची खोली आहे. चारशे तुमच्या मायेचे होते. ते मी खोलीच्या भावात घातले, ही माझी चूक. ती नर्सबाई बोलली, पण यातलं काही तिला माहीतच नव्हतं. तिची पोर दुसऱ्याच्या घरात झोपते आहे."

काकी गुडघा चोळू लागल्या. मग अण्णांकडे बघून म्हणाल्या, "त्या बाईला म्हनावं बाराशे पडत्याल. आनि नर्स हाय तर माझा गुडघा बघंल का, ते इचार."

अण्णा म्हणाले, "ते भाड्यात धरायचं की वेगळं, आत्ताच सांगा."

काकी हसल्या. नर्सबाई त्याच संध्याकाळी राहायला आल्या.

त्यानंतर अण्णांनी कधी एकाच माणसाच्या बोलण्यावर भाव सांगितला नाही. आणि पेला परत घेताना ते दोन प्रश्न विचारू लागले. "शेवटी भाडं किती देत होतात?" आणि मग, "आणखी काय देत होतात?" या दुसऱ्या प्रश्नाने काय काय बाहेर आलं म्हणून सांगू! कुणी मालकाच्या मुलाला गणित शिकवत होतं. कुणी मालक परदेशी असताना त्याच्या आईला दवाखान्यात नेत होतं. एक जण मालकाच्या कुत्र्याला रोज फिरवत होता आणि चावला तरी काही बोलत नव्हता. मी कधी वारज्याला गेले की अण्णा हे सगळं मला सांगत, आणि शेवटी म्हणत, "ताई, तुमच्या भाकरीने माझा धंदा सुधारला." ज्याच्यातून त्यांना एक पैसा मिळत नव्हता, त्यालाच ते धंदा म्हणत.

बरीच वर्षं गेली. एक दिवस नर्सबाईंचा फोन आला. अण्णा गाळा सोडून धाकट्या भावाकडे निघाले होते. मी घरातला तांब्या-पेला पिशवीत घातला आणि बस पकडली. गाळ्यासमोर टेंपो उभा होता. तराजू वर चढलेला, शेवटचे गठ्ठे चालले होते. मी आधी हमालांना पाणी दिलं, मग त्यांना. ते प्यायले. पेला परत घेताना मी विचारलं, "अण्णा, शेवटी भाडं किती देत होतात?"

ते हसले. सगळ्या वारज्याचं भाडं त्यांना पाठ होतं, पण त्यांचं स्वतःचं कुणी कधी विचारलं नव्हतं. "दोन हजार," म्हणाले. "आता नव्या माणसाकडून बारा हजार घेणार आहेत. मोबाइलचं दुकान येतंय."

"आणखी काय देत होतात?"

"काही नाही," ते पटकन म्हणाले. मग खाली पडलेली सुतळी उचलून बोटाला गुंडाळत राहिले. "मालकाच्या वडिलांना दिसत नव्हतं. सकाळी दुकान उघडण्याआधी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत. रोज. म्हातारे दिवाळीत गेले." आणि म्हणाले, "मी त्याला भाडं समजत नव्हतो, ताई."

"मीपण भाकरीला समजत नव्हते जी."

त्यांनी सुतळी खिशात घातली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. टेंपो सुरू झाल्यावर डोकं बाहेर काढून म्हणाले, "या गाळ्याचं कुणी विचारलं तर दोन्ही सांगा."

मी दोन्ही सांगते. विचारणाऱ्याला बहुतेक आकडाच हवा असतो. तरी सांगते.