किला गेटच्या महालक्ष्म्या

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या महालक्ष्म्या वनमाला राजोपाध्ये यांनी वाचवल्या, असे फूलबागेच्या आसपास सर्रास बोलले जाते. हे विधान जरा तपासून घ्यायला हवे. एवढे मात्र खरे की मुले पुण्या-गुरुग्रामला गेली, सुना हिंदी घरांतून आल्या आणि भाद्रपदात गौरींचे मुखवटे माळ्यावरून खाली उतरेनासे झाले, तेव्हा शाळेतली नोकरी सोडून वनमालाताईंनी हा व्यवसाय मांडला. लोखंडी सांगाडे, कापूस भरलेले हात, शिवलेल्या नऊवाऱ्या, दागिने. घरच्यांनी फक्त आपले मुखवटे काढून ठेवायचे. गौरी उभ्या करून देण्यापासून विसर्जनानंतर सामान नेण्यापर्यंत बाकी सारे त्यांचे. कितीतरी घरांत थांबलेला सण पुन्हा सुरू झाला. त्यांना याचा अभिमान होता आणि तो अस्थानी नव्हता.

यंदा किला गेट मोहल्ल्यातून उन्नतीचा फोन आला. तिच्या सासूबाईंचे, विजयाबाईंचे, गुडघे धरले होते. "काकू, इस बार सब आप ही देख लीजिए. माझ्याच्यानं नाही होणार."

आवाहनाच्या दुपारी वनमालाताईंनी तिथे दोन्ही सांगाडे उभे केले, निऱ्या बसवल्या आणि मुखवटे मागितले. विजयाबाई भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या. पितळी मुखवटे त्यांनी पदराखाली धरले होते. त्यांनी एका गौरीच्या पोटावर हात ठेवला. साडी आत दबली.

"हिच्या पोटात काय आहे?"

"काही नाही, मावशी. हलक्या आहेत, उचलायला सोप्या."

"माहेरवाशिणींना उपाशी उभं केलंस होय गं?"

या घरात महालक्ष्मी म्हणजे मातीच्या दोन कोठ्या. एकीत गहू, दुसरीत तांदूळ. ते घरच्या बायकांनी ओंजळीने भरायचे आणि वर मुखवटा टेकायचा. पुरुष मोहिमेवर असताना घरात राहिलेले धान्य हीच लक्ष्मी, म्हणून ही रीत पडली, असे विजयाबाई सांगतात. त्याला दुसरा पुरावा नाही.

"मुखवटे मी देणार नाही. यंदा राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि यंदा राहिलं की कायमचंच राहिलं, हेही समजून असा."

"आई, प्लीज! कोई पेट थोड़े ही देखेगा."

"देवी देखेगी," विजयाबाईंनी सुनेला मुद्दाम हिंदीत सुनावले.

वनमालाताईंना हजीरा भागातल्या पुढच्या घरी पोचायचे होते. सामान उचलून त्या निघू शकल्या असत्या. पण त्या गौरींकडे पाहत राहिल्या. हे सांगाडे, या निऱ्या, हा थाट त्यांच्या स्वतःच्या सासरचा होता. तोच अख्ख्या ग्वाल्हेरचा समजून त्या घरोघर पोचवत आल्या होत्या, आणि कुणाला एका शब्दाने विचारले नव्हते.

"कोठ्या कुठं आहेत?" त्यांनी विचारले.

"मागच्या खोलीत. एकीला तडा गेलाय," विजयाबाई म्हणाल्या.

वनमालाताईंनी साड्या उतरवल्या, सांगाडे बाहेर ठेवले. तडकलेल्या कोठीऐवजी उन्नतीने स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा आणला आणि भीतभीत सासूकडे पाहिले.

"चालेल. फुटकं चालत नाही, स्टील चालतं."

"हे कुठं लिहिलंय, आई?"

"मी सांगत्ये ना! भर आता. अगं, ओंजळ भरून! प्रसाद वाटतेस का?"

उन्नतीच्या हातून निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले, तिघीही हसल्या. शिवलेली नऊवारी रुंद कोठीवर बसेना, तेव्हा वनमालाताईंनी कात्री मागून तिची शिवण उसवली. दोन्ही साड्या मोकळ्या केल्या, एक स्वतः नेसवली आणि दुसरी उन्नतीच्या हातात दिली. तिने नेसवलेल्या साडीचा पदर तिरका बसला. विजयाबाईंनी तो तसाच राहू दिला, आणि आपल्या पदराखालचे मुखवटे बाहेर काढून सुनेच्या हातांत ठेवले.

वनमालाताई सांगाडे रिक्षात घालत होत्या, तोच हजीऱ्याहून अवंतिकाचा फोन आला. "काकू, निघालात ना? मागच्या वर्षीसारख्याच आणा, हाँ."

"आणते. पण आधी सांग, मी यायच्या आधी तुमच्याकडे कशा असायच्या?"



"रुको, आजीला विचारते."

वनमालाताईंनी रिक्षावाल्याला थांबायची खूण केली.