जावई हिशेब तपासायला आला

गिरधर नारखेडे हा जळगावातल्या एका कापसाच्या जिनिंगचा हेडक्लार्क. वय बेचाळीस, केस अर्धे पांढरे, आणि छप्पन साली या गृहस्थाला परीक्षेची हुक्की आली! हुक्की कसली, गरजच म्हणा. जिनिंग विकायला निघालं होतं आणि नव्या मालकाजवळ स्वतःची माणसं होती. सहकारी सोसायट्यांचे हिशेब तपासायचा सरकारी परवाना मिळाला, तरच घरची चूल पेटती राहणार होती. दोन पोरी लग्नाच्या होत्या.

परवान्यासाठी परीक्षा होती. लेखी त्याने धुळ्याला दिली, मिसरूड फुटलेल्या पोरांच्या शेजारी, बाकात गुडघे मुडपून. पहिल्या खेपेला आपटला. जिनिंगमध्ये तोंड कसं दाखवायचं म्हणून तापाचं सोंग घेऊन घरी पडून राहिला. दुसऱ्या खेपेला कसाबसा सुटला.

आता उरलं प्रात्यक्षिक. एखाद्या सोसायटीचं दप्तर दिवसभर तपासायचं आणि संध्याकाळी धुळ्याचे गर्गेसाहेब येऊन उलटसुलट प्रश्न विचारणार. त्याच्या वाट्याला सोसायटी आली असोद्याची. असोदा म्हणजे गिरधरची सासुरवाडी! सोसायटीचा सेक्रेटरी अभिमन, हा त्याचा सख्खा मेहुणा. शहाण्या माणसाने तेव्हाच तसं कळवलं असतं. पण याला वाटलं, देवच पावला. गप्प बसला.

आता तुम्हीच सांगा, खानदेशात जावई गावात आला आणि उपाशी गेला, असं कधी झालंय? सासू शेवंताबाई पहाटेच चुलीवर खापर चढवून मांडे करायला बसली होती.

"आज मी कामावर आलोय, जेवण नको," गिरधर म्हणाला.

"दाजी, गाव शेन घालीन माह्या तोंडात!" म्हणत अभिमनने दुपारी त्याला हाताला धरून घरी नेलं.

पाट, पाटाभोवती रांगोळी, कपाळाला कुंकू, डोक्यावर नवी कोरी टोपी. शेवंताबाई तोंडावर पदर ओढून मांड्यांवर तूप वाढत होती. सासूने जावयासमोर तोंड झाकायचं, परक्यासमोर नाही, ही तिथली रीत; जावयाशी ती कधी सरळ बोलतही नसे. काही सांगायचं झालं तर अभिमनकडे बघून सांगायची. लग्नाला वीस वर्षं झाली तरी गिरधरने तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता.

आणि संध्याकाळी यायचे ते गर्गेसाहेब दुपारीच उगवले! सोसायटीच्या शिपायाने भाबडेपणाने घर दाखवलं आणि तो मागेच उभा राहिला. साहेब दारात आणि गिरधरच्या तोंडात घास.

"नारखेडे ना तुम्ही? या मंडळींची ओळख दिसते."

गिरधरने घास तसाच गिळला. गेला परवाना, त्याला वाटलं.

"छे, छे, साहेब! ओळख कसली? गावात खानावळ नाही, म्हणून पैसे देऊन जेवतोय."

"आणि हे कुंकू?"

"ह्यांची... ह्यांची रीत असेल काहीतरी."

अभिमनचं तोंड उघडंच राहिलं. आता हा काहीतरी बोलणार, तेवढ्यात शेवंताबाईने तोंडावरचा पदर मागे सारला. उघड्या चेहऱ्याने ती साहेबासमोर आली.

"हो साहेब. परके पाव्हने आहेत. पैसे देऊन जेवून राह्यले."

आणि तिने गिरधरपुढे हात पसरला. गिरधरने खिशातून आठ आण्यांची अधेली काढून त्या हातावर ठेवली. तुपाने चिकट झालेला हात होता तो. त्या क्षणी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्याला झालं.

गाव तरी केवढं शहाणं! सकाळी 'जावईबापू' म्हणून चहा देणारा शिपाई दुपारनंतर 'साहेब, साहेब' करायला लागला. एकानेही नातं फोडलं नाही. गर्गेसाहेबांनी दोन तास प्रश्न विचारले, गिरधर एकातही अडला नाही.

"काम स्वच्छ आहे तुमचं. पास!" म्हणून साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि सहज बोलून गेले, "मागच्या खेपेला एकाची सासुरवाडीच निघाली हो. त्याने आधी सांगितलं, मी दुसरी सोसायटी दिली. एवढंच तर करायचं असतं."

गिरधरचे कान पेटले. अजून वेळ होता. साहेबांची सही व्हायची होती. सांगावं, मोकळं व्हावं. पण त्याने टीपकागद तेवढा पुढे सरकवला. सही झाली, साहेब धुळ्याच्या वाटेला लागले.

गिरधर धावतच सासूच्या घरी आला. शेवंताबाई अंगणात भांडी घासत होती. तो नुसता तिच्या पायाशी वाकला.

तिने झटकन पाय मागे घेतले आणि घाबरून गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर त्याला सोसला असता. तिला त्याची खरीच काळजी वाटत होती. पदर अजून मागेच होता आणि ती हळूच त्याला म्हणाली,

"राहू द्या साहेब. कोनी पाहीन ना."