मागच्या रांगेतला कॅप्टन

विमानात शिरलं की वैमानिक डावीकडे, कॉकपिटकडे वळतो. कॅप्टन धोंडीराम उतेकर उजवीकडे वळायचे. सगळी रिकामी केबिन ओलांडून थेट शेवटच्या रांगेत जायचे, मधल्या सीटवर बसायचे, पट्टा लावायचे आणि अंगातला कोट तसाच ठेवून डोळे मिटायचे. थोड्या वेळाने कॉलरच्या आत, मानेमागे दोन बोटं घालायचे. बोटं कोरडी निघाली तर उठून कामाला लागायचे. ओली निघाली तर प्रवाशांना आत घ्यायचं नाही, मग बाहेर कुणी कितीही थयथयाट करो.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोकरीला लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. नव्या खासगी विमान कंपन्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि महाडच्या एका मास्तरांची मुलगी हवाईसुंदरी झाली म्हणून आमच्या आळीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. ‘शेवटी चहाच द्यायचा ना लोकांना?’ असं विचारून मावशीने माझा पुरता निकाल लावला होता. त्यामुळे मी चुकायचं नाही असं ठरवूनच आले होते. आणि पाहते तो शेवटच्या रांगेत एक काळासावळा, रुंद हाडाचा, पिकल्या मिशांचा माणूस गणवेशात बसून झोपा काढतोय!

“सर, आपली जागा पुढे आहे,” मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं.

त्यांनी एक डोळा उघडला. “गाव कुठलं गो तुझं?”

मी चाटच पडले. “महाड.”

“मी कापड्याचा. पोलादपूर तालुका. म्हंजे आपण शेजारी. बस बाजूला. जॅकेट काढू नको.”

मी बसले. बाहेर मुंबईचं ऊन रटरटत होतं. जरा वेळाने त्यांनी विचारलं, “घाम आला?”

“थोडासा.”

“थोडासा म्हंजे आला. जा, खाली सांग. बोर्डिंग नाय.”

विमान जमिनीवर उभं असताना आतला गारवा शेपटाजवळच्या एका छोट्या इंजिनातून येतो. ते बिघडलं असेल तर थंड हवेची गाडी आणून तिचा जाड पाइप विमानाला लावावा लागतो. ती गाडी वेळेवर आली नाही की आत भट्टी. तरी बहुतेक वैमानिक म्हणतात, चढवा लोकांना, वर गेलं की होईल गार. त्यांचंही फार चुकतं असं नाही. वेळेचा बडगा त्यांच्याही डोक्यावर असतो. उतेकरांना मात्र हे वाक्य ऐकलं की तिडीक यायची. “पुढं आमच्या कॉकपिटची खिडकी उघडते,” ते म्हणायचे. “मागच्या माणसाची उघडते काय? नाय ना? मग त्याच्या वाटणीचा वारा कोणी बघायचा? मीच ना?”

वरिष्ठांशी ते वायुदलात शिकलेलं कडक इंग्रजी बोलायचे. तिथे त्यांनी मालवाहू विमानं चालवली होती. “मालाला गरम होत नाय,” असं ते मला सांगायचे, “म्हणून तिथं माझं कोणाशी भांडण झालं नाय.” माझ्याशी मात्र कापड्याची बोली. मी कधी पाण्याचे ग्लास लवकर भरायला घेतले तर ओरडायचे, “उन्हातनं आलेल्या माणसाला आधी सावली, मग पाणी. तुझ्या आयशीनं शिकवलं नाय?” माझ्या आईने हेच शिकवलं होतं, म्हणून राग यायचा.

त्यांच्याबरोबर काम करणं सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. एका सीटवरचा वाऱ्याचा झोत अडकला होता, तर त्यांनी तंत्रज्ञाला परत बोलावून सगळ्या सीटचे झोत तपासायला लावले. बरोबरच्या मुली त्यांना मागून ‘पंखेवाले आजोबा’ म्हणायच्या. आणि गंमत पाहा, एकदा सुट्टीत मी त्यांनी महाडला बांधलेल्या घरी गेले तर काकू, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरात पदराने वारा घेत होत्या. “अख्ख्या विमानाला वारा पुरवतात हो,” त्या मला म्हणाल्या. “माझा इथला पंखा होळीपासून मेलाय. बोलले की म्हणतात, बघू.” कॅप्टन वर्तमानपत्राच्या आड गेले ते माझा चहा संपेपर्यंत बाहेर आले नाहीत.

त्याच मुक्कामात त्यांनी मला कापड्याला नेलं. गावामागचा डोंगर दाखवून म्हणाले, “त्या वरच्या वाडीत माझा जन्म.” वाडीला तेव्हा रस्ता नव्हता. आजारी माणसाला घोंगडीची डोली करून, ती बांबूला बांधून खाली आणायचे. त्यांचे वडील डोलीचा पुढचा दांडा खांद्यावर घ्यायचे. उतेकर पोटात असताना त्यांच्या आईला असंच एकदा घाईने खाली आणलं. घोंगडीला मारलेली एक गाठ तिच्या कमरेखाली आली होती. सबंध उतरण ती गाठ तिला घासत राहिली. पण डोलीबरोबर सासरे चालत होते आणि मागच्या दांड्याला थोरले दीर होते. त्यांच्यासमोर सून बोलणार कशी? ती खालपर्यंत ओठ दाबून पडून राहिली.

“बापानं खाली आल्यावर बघितलं तर कातडं सोलून निघालेलं,” उतेकर म्हणाले. “म्हणाला, अगो बोललीस का नाय? ती म्हणाली, मामंजी होते ना.” ते डोंगराकडे बघत राहिले. “त्या दिवसापासनं आमच्या वाडीचा रिवाज झाला. ज्याच्या खांद्यावर पुढचा दांडा, त्यानं आधी स्वतः डोलीत पडून बघायचं. मग आजाऱ्याला ठेवायचं. माणूस बोलत नाय म्हणून बरं हाय, असं धरायचं नाय गो. बसलेल्या माणसाला लाज असते, भीड असते. उचलणाऱ्यानं विचारायचं.”

मला तोवर वाटत होतं, हा हट्टी म्हाताऱ्याचा चाळा आहे. त्या दिवशी कापड्याच्या एसटी थांब्यावर माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी उगीच पर्स धुंडाळत बसले.

आणि मग तो मे महिना आला. दुपारचं विमान, शेपटाकडचं छोटं इंजिन बंद, थंड हवेची गाडी दुसऱ्या विमानाला लागलेली. उतेकर शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि बोटं ओली घेऊन उठले. “बोर्डिंग नाय.”

कंपनीचे एक मोठे साहेब स्वतः धावत आले. कंपनीची विमानं वेळेवर सुटतात अशी जाहिरात त्यांनी शहरभर लावली होती. “कॅप्टन, लोकांना चढवा. दार लावा, इंजिन सुरू करा. हवेत गेल्यावर गार होईल.”

“साहेब, तुम्ही या,” उतेकर मराठीतच म्हणाले. वरिष्ठांशी मराठी बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. “इथं बसा. कोट काढू नका. बसून बघा, मग सांगा.”

साहेबही खमके. बसले. त्यांच्या कानामागून घामाची धार लागली, शर्ट छातीला चिकटला, पण ‘गरम होतंय’ हे दोन शब्द काही तोंडातून निघेनात. त्यांच्या शेजारी उतेकर बसलेले, अगदी निवांत. दोघांपैकी कोणीच हटेना. शेवटी साहेब रुमाल झाडत उठले आणि म्हणाले, “हे अगदी सहन होण्यासारखं आहे.”

“तुम्हाला होत असंल,” उतेकर म्हणाले. “तुम्ही पट्टा सोडून उठू शकता. तिकीट काढून बसलेला माणूस उठू शकत नाय.”

मग ते प्रवासी थांबले होते तिथे गेले. मी मागोमाग. लोक चिडलेले होते. उतेकर टोपी हातात घेऊन उभे राहिले. “विमान तयार आहे, पण आतली हवा माणसांच्या लायकीची नाही. उशीर मी करतोय, कंपनी नाही. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण इथे गारव्यात उभं राहून द्या.” एक आजोबा खळाळून हसले, मग बाकीचेही हसले. दोघंतिघं मात्र शेवटपर्यंत शिव्याच देत राहिले आणि कॅप्टननी त्या मुकाट ऐकून घेतल्या. हवेची गाडी आली, केबिन गार झाली, त्यांनी पुन्हा मागे जाऊन मान तपासली आणि मगच लोक आत आले.

व्हायचं ते झालं. त्यांना विमान चालवण्यापासून दूर केलं गेलं. चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढं कबूल करा आणि परत या, असा निरोप आला. निवृत्तीला अजून वर्षं होती. उडण्यावर त्या माणसाचं जिवापाड प्रेम होतं. जमिनीवर ते कसेबसे दिवस काढायचे. मी त्यांना फोनवर म्हटलं, “सर, म्हणून टाका ना. शब्दच तर आहेत.”

“म्हणीन. पण मग पुढच्या मे महिन्यात काय सांगू? चूक झालीच नाय, तर कबूल काय करू?” मग म्हणाले, “ऐक. दार लागलं की कॅप्टनची पण बोलती बंद. मग जे हाय ते सोसायचं. भांडायचं ते दार उघडं हाय तोवर. माझं दार उघडं होतं, मी भांडलो. आता सोसतो.”

ते परत गेले नाहीत. मला त्या साहेबाचा इतका राग आला होता की पुढे कितीतरी दिवस त्याच्या जाहिराती दिसल्या की मी मान फिरवायचे. उतेकरांनी मात्र घरी आल्यावर पहिलं काम केलं ते स्वयंपाकघरातल्या पंख्याचं. काकू म्हणाल्या, “एवढ्यासाठी नोकरी घालवायची गरज नव्हती.”

पुढे त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. मी सुट्टीवर महाडला आले तेव्हा ते दवाखान्यात होते. मुंबईला न्यायचं ठरलं. घाई नाही, पण सांभाळून न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुपारी दवाखान्याच्या पडवीत त्यांचं स्ट्रेचर आणलं. समोर रुग्णवाहिका उन्हात उभी.

“चला, चढवा,” ड्रायव्हर म्हणाला. “गाडी सुटली की वारं लागंल.”

कॅप्टननी हात वर केला. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, बोलता येत नव्हतं. ड्रायव्हरला वाटलं, निरोप घेतायत. मला कळलं. मी चप्पल काढली, गाडीत चढले आणि त्यांना निजवायच्या बाकावर आडवी झाले.

“अवो बाई, ह्ये काय?” ड्रायव्हर ओरडला.

रेक्झिन चटका बसण्याइतकं तापलं होतं. छत अंगावर आग ओतत होतं. आणि पट्ट्याचं लोखंडी बक्कल बरोबर कमरेखाली टोचत होतं. मी खाली आले. कॅप्टननी मुखवटा जरा बाजूला केला.

“कसं काय?”

“बक्कल टोचतंय, सर. छत तापलंय.”

“मग थांबव.”

“अवो, उशीर व्हतोय!” ड्रायव्हर वैतागला. तेव्हा काकू, ज्या जन्मभर या माणसाच्या हट्टावर कुरकुरत आल्या, त्या पदर खोचून पुढे झाल्या. “थांब म्हणतायत ना ते? मग थांब!”

गाडी झाडाच्या सावलीत घेतली, दारं सताड उघडी ठेवली, छतावर पाणी मारलं, रेक्झिनवर सुती गोधडी घातली, बक्कल बाजूला वळवलं. ड्रायव्हरही मग मुकाट बादल्या आणू लागला. मी पुन्हा आडवी होऊन पाहिलं आणि त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यांनी डोळ्यांनीच परवानगी दिली. आत ठेवल्यावर मला म्हणाले, “आता लाव दार.”

ते मुंबईहून परतले नाहीत. मी खूप रडले. अजूनही कधी एकटी असले की रडते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता केबिनची प्रमुख मी असते. प्रत्येक उड्डाणाआधी शेवटच्या रांगेत, मधल्या सीटवर जाऊन बसते, जॅकेट न काढता. नव्या मुली पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. केबिन तयार आहे असं मी सांगेपर्यंत लोक आत येत नाहीत, आणि मान ओली असली तर मी तसं सांगत नाही. यावरून मला वरिष्ठांच्या खोलीत बोलावून झालंय, समज देऊन झालीय. मागच्या उन्हाळ्यात एक तरुण कॅप्टन कॉकपिटमधून फोनवर माझ्यावर खेकसला, “मॅडम, अडचण काय आहे? दार का लागत नाही अजून?”

“दार उघडं आहे म्हणूनच बोलतेय, कॅप्टन,” मी म्हटलं. “मागे या. माझ्या शेजारची सीट रिकामी आहे. आणि कोट काढू नका.”